स्टेट बँकेनं वड सोडला, आम्ही धोटा सोडावा का?

धोटेकर
नमस्कार मंडळी. सोलापुरात पूर्व भागातल्या एका पतसंस्थेच्या संचालक मंडळावर आहे. नाव मुद्दाम देत नाही, आमचे सभासद इथंही असतात. संस्था विणकरांनी काढलेली, त्यामुळं लोगोत धोटा, म्हणजे मागावर आडवा धागा इकडून तिकडं नेणारं अवजार, असणं ओघानंच आलं. पण धोट्यामागं उगवता सूर्य आहे, दोन्ही बाजूंना गव्हाच्या ओंब्या, खाली हस्तांदोलन, सगळ्याभोवती दातेरी चाक आणि चाकाच्या कडेनं संस्थेचं अख्खं नाव, 'मर्यादित, सोलापूर' आणि नोंदणी क्रमांकासकट. गहू कुठून आला विचारू नका, आपल्याकडं ज्वारी पिकते.

नव्या संचालकांनी एक लोगो करून आणलाय. निळी-जांभळी लाट आणि शेजारी इंग्रजी आद्याक्षरं. जुने म्हणतात धोटा गेला की संस्था गेली. मागची सगळी मीटिंग यातच गेली, कर्जमंजुरीचे विषय तसेच राहिले.

वादात एकानं स्टेट बँकेचा दाखला दिला. १९५५ ला इंपिरियल बँकेची स्टेट बँक झाली तेव्हा चिन्ह वडाचं झाड होतं. १९७१ ला झाड गेलं आणि भोकाचं निळं वर्तुळ आलं. एवढी जुनी बँक बदलली, लोकांनी मुकाट घेतलं, मग आपणच का घाबरायचं, असं त्यांचं म्हणणं. मला त्याच गोष्टीतून उलटं दिसतं. त्यांनी एकदाच बदललं आणि मग पन्नास वर्षं मूळ आकाराला हात लावला नाही. आम्ही आत्ता लाट घेतली तर पाच वर्षांनी नवीन मंडळ येऊन ढग आणेल.

तुम्हाला काय वाटतं? वड का सोडला असेल, आणि आमच्यासारख्यांनी त्यातून काय घ्यावं?

गड्डा_यात्री
काय बे, आधी थकबाकी वसूल करा की. लोगो बघून कुणी हप्ता भरतंय व्हय.

निवृत्त_कॅशियर
गड्डा_यात्री, वसुलीची नोटीस ज्या कागदावर जाते त्यावर लोगोच असतो. असो.

धोटेकर, प्रश्न चांगला आहे, कारण माझी सगळी नोकरी स्टेट बँकेतच झाली. आधी वंशावळ सांगतो. १८०६ ची बँक ऑफ कलकत्ता, १८०९ पासून तीच बँक ऑफ बेंगॉल. १८४० ची बँक ऑफ बॉम्बे, १८४३ ची बँक ऑफ मद्रास. या तिघी २७ जानेवारी १९२१ ला एकत्र आल्या आणि इंपिरियल बँक ऑफ इंडिया झाली. १ जुलै १९५५ ला तिची स्टेट बँक झाली. माझे आजोबा शेवटपर्यंत 'इंपिरियलमध्ये जाऊन येतो' असंच म्हणायचे, त्यांच्या लेखी मधलं काही झालंच नव्हतं.

१९५५ चा बदल नुसता पाटीचा नव्हता. गोरवाला समितीनं ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी करून सांगितलं होतं की शेतकऱ्याला कर्ज सावकार देतो, बँका जवळपास देतच नाहीत. म्हणून सरकारनं इंपिरियल ताब्यात घेतली आणि पाच वर्षांत ४०० नव्या शाखा काढायचं बंधन घातलं. व्यापाऱ्यांची आणि साहेबांची बँक आता खेड्यात जाणार, तर चिन्ह वडाचं. पारंबी जमिनीला टेकली की तिचंच खोड होतं. कल्पना वाईट नव्हती.

मी लागलो तेव्हा नवं चिन्ह येऊन फार वर्षं झाली नव्हती. स्टेशनरीच्या कपाटात झाडाची पाकिटं शिल्लक होती आणि ती संपल्याशिवाय नवा गठ्ठा फोडायचा नाही असा आमच्या साहेबांचा दंडक. त्यामुळं पाकिटावर छापलेलं झाड आणि आतल्या पत्रावर वर्तुळ, असा जोडीनं कारभार बरेच दिवस चालला. कुणाही खातेदारानं त्याबद्दल विचारलेलं मला आठवत नाही. पितळी टोकनाचा नंबर पुकारला की लोक खिडकीशी येत, बस्स.

चाटीगल्ली
पण वड का सोडला ते राहिलंच ओ काका. मी ऐकलंय की वडाखाली दुसरं काही वाढत नाही, बँकेला ते चिन्ह बरं दिसेना.

आणि ते वर्तुळ म्हणजे अहमदाबादचा काँकरिया तलाव. एनआयडीत, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, शिकणाऱ्यानं रोज तलाव बघितला आणि काढला. वरून फोटो बघा, गोल तलाव, मधे नगिना वाडीचं बेट, तिकडं जायला सरळ वाट. हुबेहूब.

शेंगाचटणी
काँकरियाला कशाला जायचं? आमचा सिद्धेश्वर तलाव बघा. मधे मंदिर, तिकडं जायला वाट. स्टेट बँकेनं सोलापूरला रॉयल्टी द्यावी.

गड्डा_यात्री
शेंगाचटणी, लई भारी. आता रॉयल्टीची रक्कम धोटेकरांच्या पतसंस्थेत ठेवू.

रेषा
मी मूळची सोलापूरची, आता पुण्यात ग्राफिक डिझाइनचं काम करते. काँकरियाची गोष्ट आमच्या क्षेत्रात सगळ्यांनाच पाठ आहे आणि ती दंतकथेच्याच खात्यावर जमा ठेवलेली बरी. चिन्ह शेखर कामत यांचं, ते एनआयडीचे, संस्था अहमदाबादेत, एवढ्यावर लोकांनी तलाव जोडून टाकला. गोल तलाव आणि मधे बेट असं वरून बघितलं तर निम्म्या देशात सापडेल, वर शेंगाचटणींनी एक दाखवलाच.

त्या आकाराचे दोन अर्थ सांगतात. एक, कुलपाचं भोक, म्हणजे पैसा सुरक्षित. दुसरा, मधला छोटा गोल आणि खालची रेघ मिळून उभा माणूस. बँक कितीही मोठी असली तरी मधोमध सामान्य माणूस. मला पहिला अर्थ जास्त पटतो, कारण तो कुणी सांगावा लागत नाही.

धोटेकर काका, तुमच्या नव्या संचालकांचा 'लाट' लोगो मी न बघताही ओळखू शकते. तयार नमुन्यांत तो पहिल्या पानावर असतो.

पेंटरचा_पोरगा
वडाबद्दल माझ्याकडं वेगळं कारण आहे. माझे वडील दुकानांचे बोर्ड रंगवायचे, शटरवर, भिंतीवर, पत्र्यावर. मी हाताखाली डबे धरलेत. वडाचं झाड दहा पेंटरांना काढायला द्या, दहा झाडं होतील. एकाच्या पारंब्या जटांसारख्या, एकाचं झाड आंब्यासारखं. तेच वर्तुळ द्या. एक खिळा, एक सुतळी, एक पट्टी. मधे खिळा ठोकायचा, सुतळीनं मोठा गोल मारायचा, त्याच खिळ्यावर लहान गोल, आणि खाली पट्टीनं दोन रेघा. आत निळा भरायचा. ज्याला झाड जमत नाही त्यालाही हे जमतं.

निवृत्त_कॅशियर काकांनी सांगितलं ना, खेडोपाडी शाखा काढायच्या होत्या. तिथले बोर्ड मुंबईहून रंगवून थोडेच येणार? गावातला पेंटरच करणार. त्याच्या हातून जे चिन्ह बिघडत नाही ते टिकतं. निळा रंग मात्र दुकानात मिळेल तो. आमच्याकडं तीन गावांतले तीन निळे होते. पण आकार एकच, त्यामुळं लांबून कळायचं.

आता फ्लेक्स आला, पेंटरचा विषय संपला. म्हणूनच लोक लाटा-बिटा करायला लागलेत. छापायला कष्ट नाहीत ना.

निवृत्त_कॅशियर
पेंटरचा_पोरगा, हे मी इतकी वर्षं त्या चिन्हाखाली बसून कधी विचारात घेतलं नव्हतं. अगदी पटलं.

सदाशिवपेठी
सगळे त्या वर्तुळावर खूश दिसताय म्हणून विरुद्ध बाजू मांडतो. ते चिन्ह थंड आहे. एखाद्या औषध कंपनीचं, पंप कंपनीचं, कुणाचंही चाललं असतं. त्यापेक्षा बँक ऑफ महाराष्ट्रची दीपमाळ घ्या. बँक १९३५ साली पुण्यात नोंदली गेली, आणि दीपमाळ इथल्या माणसाला देवळाच्या अंगणातून ओळखीची. खांब म्हणजे संस्था, दिवे म्हणजे शाखा. यात माती आहे. धोटेकरांचा धोटासुद्धा त्याच जातीचा, तो सोडू नये.

रेषा
सदाशिवपेठी, दीपमाळ मलाही आवडते. पण ती प्रादेशिक ओळख आहे आणि तिथं शोभते. केरळापासून काश्मीरपर्यंत शाखा असलेल्या बँकेला अशी एकाच अंगणातली वस्तू परवडली नसती. धोट्याबद्दल मात्र सहमत.

जकार्डमास्तर
वाचतोय केव्हाचा, आता राहवत नाही. मी टेरी टॉवेलच्या डिझाइनचं काम करतो. आधी ग्राफवर चौकटी भरायच्या, पंच कार्ड मारायची, आता कॉम्प्युटरवर. हॉटेल, दवाखाने, संघटना, सगळ्यांचे लोगो आम्ही टॉवेलात विणून देतो. लोगो चांगला की वाईट हे आम्हाला करघ्यावर कळतं, भाषण लागत नाही.

एका बँक कर्मचारी संघटनेच्या अधिवेशनाला वाटायला टॉवेल पाहिजे होते, त्यावर हेच वर्तुळ. मला वाटलं सोपं काम. पहिली अडचण, ग्राफवर गोल हा गोल नसतो, पायऱ्या असतात. मोठा असला तर डोळ्याला फसवता येतं, लहान केला की अष्टकोन दिसतो. दुसरी अडचण खालच्या फटीची. ती मापानं चार-पाच तारांची येत होती. टॉवेल मागावर ताणलेला असेपर्यंत फट दिसते. खाली उतरला, धुतला, की दोन्हीकडचे लूप, म्हणजे टॉवेलावरचे धाग्याचे फासे, तिच्यावर लवंडतात आणि फट मिटते. उरतं काय? मधे भोक असलेला गोल. मेदूवडा! वडाचं झाड जाऊन मेदूवडा आला.

मग मी फट मापापेक्षा बरीच रुंद धरली, तिच्या दोन्ही काठांना लूप न घेता सपाट वीण ठेवली, तेव्हा कुठं कुलूप दिसायला लागलं. पण जमलं, कारण आकारात एकच नाजूक जागा होती. धोटेकर, तुमच्या लोगोत ओंब्या आहेत, सूर्याची किरणं आहेत, हस्तांदोलनाची बोटं आहेत, वर नोंदणी क्रमांक. माझ्याकडं आला तर मी नाही म्हणेन. धोटा एकटा द्या, झोपेत विणतो.

शेंगाचटणी
मेदूवडा वाचून नाष्ट्याला निघालो. सांबार कुणाच्या खात्यावर?

सत्तर_फूट_रोड
मला एक वेगळाच मुद्दा मांडायचा आहे. माझ्या सासूबाई विड्या वळायच्या. लिहिता-वाचता येत नाही. त्यांच्या रेक्झिनच्या पिशवीत पासबुकं, भिशीची वही, रेशनकार्ड, सगळं एकत्र असतं आणि हाताला लागेल ते काढून देत नाहीत, बघून काढतात. स्टेट बँक म्हणजे 'निळ्या कुलपाची'. पतसंस्थेचं पासबुक म्हणजे 'धोट्याचं'. एका संस्थेनं मधे पासबुकाचं कव्हर बदललं, रंग आणि चित्र दोन्ही एकदम, तर त्या जुनंच पासबुक घेऊन जायच्या आणि नवं घरी. काउंटरवरच्या पोरानं चिडचिड केली ती वेगळीच.

तेव्हा संचालकांनी हौस करण्याआधी एक करावं. नवा लोगो छापून अशा चार बायकांच्या हातात द्यावा आणि विचारावं, ही कुणाची संस्था? इंग्रजी आद्याक्षरांची लाट त्यांच्या काय कामाची?

धोटेकर
सत्तर_फूट_रोड, हे मीटिंगमध्ये कुणीच बोललं नाही, आणि आमच्या निम्म्या सभासद अशाच आहेत. तुमचा मुद्दा तुमच्याच शब्दांत वाचून दाखवला तर चालेल ना?

सत्तर_फूट_रोड
खुशाल. सासूबाईंचं नाव घेऊ नका फक्त, त्यांना वाटेल कर्जाचं काहीतरी आहे.

मणिपाल_रिटर्न
चिन्हावर लोकांचं प्रेम असलं की ते टिकतं, असा सूर दिसतोय. तसं नसतं. सिंडिकेट बँक आठवते का? तिचा कुत्रा? निष्ठावान आणि मित्रासारखी बँक, म्हणून कुत्रा. आमच्या घरी तिला 'कुत्र्याची बँक' म्हणायचे आणि त्यात काही अपमान नव्हता. १ एप्रिल २०२० ला ती कॅनरात विलीन झाली आणि कुत्रा गेला. देना बँकेची लक्ष्मी त्याच्या आदल्या वर्षी बँक ऑफ बडोद्याच्या सूर्यात गेली. तो सूर्य तरी कुठं जुना, बँक १९०८ ची आणि सूर्य २००५ चा. चिन्ह टिकतं ते संस्था टिकली तर.

सोलापूरकरांना सांगण्यासारखं आणखी एक. सिंडिकेट १९२५ ला उडुपीत निघाली तीच मुळी अडचणीत आलेल्या हातमाग विणकरांना मदत म्हणून. आणि १९२८ ला तिनं पिग्मी सुरू केली, रोज दोन आणे, एजंट दारात. तुमच्या गल्लीत संध्याकाळी पिशवी अडकवून जो पिग्मीवाला येतो, त्याचा मूळपुरुष तो. आमचे पिग्मी एजंट यायचे त्यांच्या कार्डावर कुत्रा, आणि गल्लीतली खरी कुत्री त्यांच्याच मागं. लहानपणी आम्हाला वाटायचं बँकेनंच पाठवलीत.

गड्डा_यात्री
म्हणजे वसुलीला पण तेच पाठवायचे का? धोटेकर, लोगोत कुत्रा घ्या. थकबाकीचा विषय पण मिटतोय.

निवृत्त_कॅशियर
प्राण्यांवरून आठवलं. रिझर्व्ह बँकेच्या मुद्रेवर वाघ आणि ताडाचं झाड आहे ना, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या डबल मोहरेवरून घेतलं. मोहरेवर सिंह होता. १९३५ ला बँक निघताना ठरवलं की वाघ जास्त भारतीय, म्हणून सिंहाच्या जागी वाघ आला. कलकत्त्याच्या बेल्व्हेडिअर वाड्याच्या फाटकावरच्या पुतळ्यावरून तो काढला. झाड तसंच ठेवलं. एकच गोष्ट बदलायची आणि बाकी चौकट ठेवायची, ही रीत जुनीच आहे.

नळदुर्गकर
सोलापूरच्या शेजारचा म्हणून लिहितो. आमच्याकडं निजामाचं राज्य, त्यामुळं बँक म्हणजे हैदराबाद बँक. १९४१ ची हैदराबाद स्टेट बँक, पुढं स्टेट बँक ऑफ हैदराबाद. ती स्टेट बँकेची सहयोगी झाल्यावर तिच्याही बोर्डावर तेच निळं कुलूप आलं. १ एप्रिल २०१७ ला पाच सहयोगी बँका आणि भारतीय महिला बँक स्टेट बँकेत गेल्या, तेव्हा आमच्या गावात कित्येकांना पत्ताच लागला नाही. कुलूप तेच, साहेब तेच, रांग तीच. बोर्डावरचा 'हैदराबाद' शब्द तेवढा गेला. चेकबुक बदलायची वेळ आली तेव्हा कुजबुज सुरू झाली.

रेषा
नळदुर्गकर, हा फार महत्त्वाचा धागा पकडलात. सगळ्या भगिनी बँकांना आधीच एक चिन्ह दिलेलं होतं म्हणून विलीनीकरण डोळ्याला टोचलं नाही. सिंडिकेटच्या कुत्र्याला ही सोय नव्हती.

त्याच २०१७ मध्ये स्टेट बँकेनं रूप बदललं, मुंबईच्या डिझाइन स्टॅककडून. बदललं काय, तर निळा जरा उजळ केला, अक्षरं नव्या वळणाची घेतली आणि मोबाईलच्या पडद्यावर नीट दिसेल अशी मांडणी केली. कुलपाला हात नाही. तरुण खातेदार हवा म्हणून त्यांनी पुढं योनो हे मोबाईल ॲप काढलं, त्याचं नाव वेगळं, रंगही वेगळा. नव्याची हौस तिकडं भागवली, आईचं कुंकू तसंच राहिलं.

काका, तुमच्या मंडळालाही हीच वाट सुचवेन. धोटा ठेवा. सूर्य, ओंब्या, हात, चाक काढा. नाव लोगोच्या आत कोंबू नका, शेजारी मराठीत ठळक लिहा. पासबुकाचा रंग पहिली काही वर्षं अजिबात बदलू नका, सत्तर_फूट_रोड यांच्या सासूबाईंसाठी. आणि अंतिम करण्याआधी रबरी शिक्का करून बघा. शिक्क्यात शाईचा डाग झाला तर लोगो नापास.

सदाशिवपेठी
चाक काढू नये. चाक म्हणजे उद्योग.

जकार्डमास्तर
सदाशिवपेठी, चाकाचे दात विणायला या एकदा. चहा माझ्याकडं.

हिशेबनीस
सगळे आकारावर बोलताय, मी अक्षरांवर बोलतो. पतसंस्थांचं ऑडिट करतो म्हणून. नव्या लोगोखाली घोषवाक्य टाकायची हौस असते, 'तुमची हक्काची बँक' वगैरे. ते टाकू नका. बँकिंग नियमन कायद्यातली सुधारणा सहकारासाठी २९ सप्टेंबर २०२० पासून लागू झाली आहे, आणि रिझर्व्ह बँकेच्या परवानगीशिवाय सहकारी संस्थेला नावात 'बँक', 'बँकर', 'बँकिंग' हे शब्द वापरता येत नाहीत. घोषवाक्यातही कशाला ओढवून घ्यायचं? शिवाय बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. सभासदाचा त्यात घोळ होईल असं काहीही बोर्डावर नको. स्टेट बँकेसारखा दिसणारा निळा गोल तर अजिबात नको, मंडळातल्या कुणाला सुचायच्या आत सांगून ठेवतो.

धोटेकर
हिशेबनीस, सुचलंय एकाला आधीच. लाटेच्या आधीचा मसुदा निळ्या गोलाचाच होता.

सगळ्यांचे आभार. रेषा यांची मांडणी आणि पेंटरचा_पोरगा यांची खिळा-सुतळीची कसोटी, दोन्ही रविवारच्या सभेत ठेवतो. जुन्यांना सांगीन की धोटा राहतोय. नव्यांना सांगीन की बाकी सगळं जातंय. रंगावर भांडतील, भांडू देत. ओंब्यांचा आग्रह धरणारे एक ज्येष्ठ आहेत, संस्थापकांपैकी, त्यांना कसं समजवायचं ते बघतो.

चाटीगल्ली
त्यांना ज्वारीचं कणीस देऊन बघा.

धोटेकर
नको रे बाबा, मग हुरड्याचा पण विषय निघेल.

जकार्डमास्तर, ठरलंच तर यंदा वार्षिक सभेला स्टीलच्या डब्याऐवजी धोट्याचे टॉवेल वाटू म्हणतो. मापं कळवा.

जकार्डमास्तर
आधी सभासद किती आणि हात पुसायचा की अंघोळीचा ते सांगा, त्यावर सगळं. धोटा आडवा घ्या, तिरका घेतलात तर टोकं पायऱ्यांची येतील. एकाच रंगात करा. गडद लाल धरणार असाल तर सूत पक्क्या रंगाचं घ्यावं लागेल, दर थोडा चढेल, नाहीतर सभासदांच्या घरचे पांढरे शर्ट गुलाबी होतील आणि पुढच्या सभेत तोच विषय. आणि सभेच्या दीड-दोन महिने आधी पक्कं करा. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, तोंडावर आलात तर कामगार मिळत नाहीत.

गड्डा_यात्री
आम्ही गड्ड्यातच भेटतो त्यांना.